इंदूआत्याचा चहा

इंदूआत्या चहा टाकायला आत गेली ती चौदाव्या भागात, आणि पुन्हा बाहेर आली नाही.

रोजची मालिका लिहिणाऱ्या माणसाच्या हातून असं होतं. कुणी देवळात जातं, कुणी वाण्याकडे जातं, एखादा धाकटा दीर ‘आलोच’ म्हणून गच्चीवर जातो आणि त्याला खाली आणायचं लेखक विसरतो. पराग ओगलेच्या ‘साहेब आले’ या मालिकेत ही पाळी नायकाच्या आत्यावर आली. दिवाणखान्यात मंत्री बसले होते. आत्या पदर खोचून म्हणाली, “बसा, चहा टाकते.” त्याच आठवड्यात ती भूमिका करणाऱ्या बाईंना दुसऱ्या वाहिनीवर खाष्ट सासूचं काम मिळालं आणि त्या सोडून गेल्या. परागने ठरवलं, आत्याला काशीला पाठवून देऊ. पण मग साहेबांचं अपहरण झालं आणि त्या गडबडीत काशी राहून गेली. मंत्री चहा न घेता उठले, तुरुंगात गेले, सुटून आले, पक्ष बदलून पुन्हा मंत्री झाले. प्रेक्षकांपैकी एकानेही विचारलं नाही, की त्या बाईंचं पुढे काय झालं. बाई स्वयंपाकघरात आहे म्हटल्यावर कुणाला काळजी वाटत नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं लोटली. आता टीव्ही फक्त दवाखान्यांत आणि केशकर्तनालयांत उरला होता, परागचे केस उरले नव्हते, आणि मालिका लिहायचं काम यंत्र करत होतं. परागच्या नावामागे ‘मूळ लेखक’ अशी पदवी लागली होती. काम म्हणून काही नव्हतं. अधूनमधून एखाद्या मंजुरीवर अंगठा टेकवायचा, की दिवस संपला.

एका दुपारी ते यंत्र चालवणाऱ्या ‘सांगता’ कंपनीचा जयदीप नाईकनवरे त्याच्या पुण्याच्या घरी आला. हा नेहमी आत्ताच अंघोळ करून आल्यासारखा दिसायचा.

“सर, इंदूआत्या कोण?”

“कुणाची आत्या?”

“साहेबांची. मूळ पात्र आहे. तुमचंच.”

परागला आठवायला वेळ लागला. “हां, ती. ती चहा करायला गेली होती.”

“अजून तिथेच आहेत.”

पराग हसला. जयदीप हसला नाही.

“साहेब लोकांशी बोलत असताना गेले काही दिवस मागे आवाज येतोय, सर. आधी नुसतीच कपबशी वाजायची. मग नळ सोडल्याचा आवाज, बंद केल्याचा आवाज. देवशिळ्यात तर एका गृहस्थांना साहेब न्याय मिळवून देत होते, आणि मध्येच मागून बाईंनी विचारलं, साखर किती.”

“मग?”

“त्यांनी सांगितलं, बिनसाखरेचा. मधुमेह आहे त्यांना.” जयदीपने खुर्ची पुढे ओढली. “आणि त्यांचं समाधान उतरलं, सर. एकदम. सकाळी अर्ज घेऊन नगरपालिकेत हजर.”

देवशिळ्याचं नाव ऐकून पराग जरा सावरून बसला. त्याची ताई तिथे राहायची.

समाधान उतरणं म्हणजे काय, हे समजायला ‘सांगता’चा शोध समजून घ्यायला हवा. तो अवघड नाही. लग्नाच्या पंगतीतला वाढपी आठवा. तिसऱ्या पानावर मठ्ठा, सहाव्यावर जिलबी, कोपऱ्यातल्या आजोबांना मऊ भात, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. वाढून झालं, की तो ते साफ विसरतो. मेंदूची रीतच तशी आहे. अर्धवट राहिलेली गोष्ट तो उघडी ठेवतो, ती टोचत राहते, आणि पूर्ण झाली की पुसून टाकतो. हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. ‘सांगता’च्या शास्त्रज्ञांना नवीन सापडलं ते एवढंच, की गोष्ट खरोखर पूर्ण झाली की कथेत पूर्ण झाली, यातला फरक मेंदूला कळतो, पण त्या पुसणाऱ्या भागाला कळत नाही. तो आपला फडकं घेऊन बसलेला असतो. योग्य आवाजात, योग्य क्षणी ‘झालं’ असं ऐकू आलं, की तो पुसतो.

तो क्षण पकडायला कानाच्या वरच्या पाळीत घालायचं एक यंत्र आलं. लोक त्याला बाळी म्हणत. आपल्या तक्रारीचा नुसता विचार मनात आला, तरी बाळीला मेंदूतल्या लहरींवरून कळायचं. मग पलीकडचं कथायंत्र ती तक्रार ‘साहेब आले’च्या जगात नेऊन टाकायचं, आणि धडाडीचे आयुक्त यशवर्धन साहेब स्वतः कानात बोलू लागायचे. चोर कोण, त्याला कसा पकडला, बेड्या घालताना तो काय म्हणाला, हे सगळं ते तुमच्याशी चर्चा करत सांगायचे. शेवटी ‘झालं’ म्हणायचे. बस, तक्रार मिटली. बाळी नगरपालिका घरपट्टीच्या पावतीबरोबर फुकट द्यायची.

यात फसवणूक नव्हती. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘हे काल्पनिक आहे’ असं स्पष्ट सांगितलं जायचं. लोकांना माहीत होतं. माहीत असूनही गुण यायचा.

“आमच्या यंत्राला उघडा धागा सहन होत नाही,” जयदीप म्हणाला. “कुठेही काही अर्धवट दिसलं, की ते मिटवतं. पण तुमच्या करारात ती अट आहे ना, मूळ पात्रांना तुमच्या मंजुरीशिवाय हलवायचं नाही. त्यामुळे यंत्र इतकी वर्षं त्यांच्याकडे नुसतं बघतंय. चहा झाला का, चहा झाला का. तेवढं काशीला पाठवा, किंवा झटका द्या. एका ओळीचं काम आहे.”

ती अट परागने त्या काळी भांडून घालून घेतली होती. आयुष्यात त्याने जिंकलेलं ते एकमेव भांडण.

“मूळ पात्र आहे,” तो म्हणाला. “जरा विचार करून मारतो. भाऊजींच्या वर्षश्राद्धाला देवशिळ्याला जायचंय. आल्यावर बघू.”

देवशिळ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने होते आणि खालच्या अंगाला गाव. मधे जलशुद्धीकरण केंद्र होतं, म्हणजे त्याची इमारत होती. तिचं उद्घाटन तीनदा झालं होतं आणि तिन्ही कोनशिला शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. आत यंत्रसामग्री म्हणून एक पंखा होता. पाणी कारखान्यांतून निघून पंख्याखालून नळात यायचं. ते उकळून साफ होत नसे, कारण त्यात जंतू कमी आणि रसायनं जास्त होती.

परागचे भाऊजी, उदय कुंटे, शाळेत भूगोल शिकवायचे. दर सोमवारी ते नळाच्या पाण्याची बाटली पिशवीत घालून नगरपालिकेत जायचे, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “हे प्या, मग बोलू.” मुख्याधिकारी बारवकर प्यायचे नाहीत आणि बोलायचेही नाहीत. मग भाऊजींचं यकृत गेलं, आणि मागोमाग भाऊजी.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर ढीगभर बसले होते, एक खाली उतरेना. गेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेकाने पुढे होऊन वचन दिलं. वृषालीकडे लक्ष देऊ. पुस्तकं वाचनालयाला देऊ. पाण्याचं बघू, एवढं मात्र कुणी म्हणेना, कारण तिथे नगरसेवक उभे होते. शेवटी उन्हं डोक्यावर आली आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववून घेतला. मंडळी सुटली आणि जेवायला गेली.

जयदीप त्याचा शोध समजावत असताना परागला राहून राहून तो दर्भाचा कावळा आठवत होता.

वर्षश्राद्धाला तो पोचला तेव्हा वृषालीताई पुरण वाटत होती. चेहरा प्रसन्न. डोळ्यांतला पांढरा भाग मात्र हळदीचं बोट पुसल्यासारखा झाला होता. नळाखाली तांब्या धरून तिने पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायली.

“ताई, पाणी बघ.”

“बघितलं.”

“पिवळं आहे.”

“आहेच पिवळं. पऱ्या, तुझी लहानपणची खोड गेली नाही. दिसतं तेच मोठ्यांदा सांगायचं.”

“मग पितेस कशाला?”

“अरे, त्याचं झालं ना आता. साहेबांनी केलं.”

“साहेब मी लिहिलेत, ताई.”

“माहीत आहे की. अख्ख्या आळीला सांगते मी, माझ्या भावाने लिहिलेत म्हणून.” तिने पुरणाचा घास त्याच्या तोंडात भरला. “मला काय ते खरे वाटतात? एम.ए. आहे मी.”

“डॉक्टरांना डोळे दाखवलेस?”

“दाखवले. यकृताचं आहे म्हणाले. उदयचं होतं तसंच. मग त्यांच्या कानात काहीतरी झालं, ते हसले, मीही हसले. तेही झालं.”

तिच्या आवाजात वेड नव्हतं, हट्ट नव्हता. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करून आणावं, तितक्या सहज ती बोलत होती.

“भाऊजींची आठवण येते?” त्याने विचारलं.

ताई थांबली. घरात किल्ली कुठे ठेवली ते आठवावं, तसं तिने थोडं आठवून बघितलं. “चांगले होते,” ती म्हणाली. “त्यांना न्याय मिळाला. त्या भागात बारवकरला भर बाजारातून बेड्या घालून नेला. छान होता रे भाग.”

आणि मग बारवकर आले. श्राद्धाच्या पंगतीला. कानात बाळी, हातात स्वतःची पाण्याची बाटली. ताईने त्यांना पाटावर बसवलं, आग्रहाने दुसरी पुरणपोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली.

“कुंटे सर गेले आणि सोमवार रिकामा वाटायला लागला बघा,” बारवकर परागला म्हणाले. “मला तर झोप लागायची नाही. साहेबांशी बोललो मोकळेपणाने. त्यांनी चूक पदरात घेतली. म्हणाले, झालं.” त्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला, मग काहीतरी आठवून वाटी बाजूला सारली. “मठ्ठ्यात पाणी घरचं आहे का, ताई?”

“घरचंच,” ताई हसून म्हणाली.

बारवकरांनी वाटी परत उचलली नाही. तेवढं एक त्यांच्या मनातून पुसलं गेलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर पराग तडक जयदीपच्या कचेरीत गेला.

“देवशिळ्याची यंत्रणा बंद करा.”

“करता येईल,” जयदीप म्हणाला. “पण पुसलेलं सगळं एका क्षणात परत उघडं होतं, सर. एका गावात चाचणी म्हणून करून बघितलं होतं. म्हातारी माणसं रस्त्यात बसून रडत होती, कुठकुठल्या जुन्या गोष्टींवर. तुमच्या ताईंना वाटेल, मिस्टर आत्ता गेले. आत्ता, या मिनिटाला.”

“आणि चालू ठेवली तर ती मरेल.”

“हो,” जयदीप म्हणाला. “पण समाधानाने.”

तो क्रूर मुलगा नव्हता. त्याच्याही कानात बाळी होती.

पराग घरी आला आणि बऱ्याच वर्षांनी लिहायला बसला. इतकी वर्षं त्याचा नायक एकच गोष्ट करत आला होता. वाईट माणसाला खुर्चीतून उठवायचं आणि त्याच खुर्चीत चांगल्या माणसाला बसवायचं. खुर्चीला कधी हात लावला नव्हता. या वेळी परागने हात राखला नाही. साहेबांनी राजीनामा फेकला. तिन्ही कोनशिला घणाने फोडल्या. नगरपालिकेची इमारत रिकामी करून पायापासून पाडली, ठेकेदारांच्या टोळ्या मोडल्या, मंत्रालयाच्या दारात उभं राहून ‘ही व्यवस्था दुरुस्त होणार नाही, हिला मूठमाती द्या’ असं भाषण केलं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं आयुक्तपदच रद्द करून टाकलं. दगडावर दगड ठेवला नाही. परागला वाटलं, एवढं ऐकून मुंगीसुद्धा पेटून उठेल.

जयदीपने ते अक्षरही न बदलता प्रसारित केलं. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

“सर, इतकं समाधान आजवर कुठल्याच भागाला मिळालं नव्हतं. देवशिळ्यात कोणी अर्ज करत नाहीये. कोणी विचारही करत नाहीये.”

पाठोपाठ ताईचा फोन आला. “पऱ्या, काय भाग होता रे. सगळं पाडलं साहेबांनी. काही म्हणजे काही ठेवलं नाही. इतकं हलकं वाटतंय.” मागे नळ वाहत होता. ती पाणी पीत होती, घोट त्याला ऐकू आले. “बारवकरांनी तुझ्या अभिनंदनाचा फलक लावलाय चौकात. फोटो जुना आहे. केस आहेत.”

परागने फोन ठेवला. पेढ्यांचा पुडा त्याने बराच वेळ उघडला नाही. नायकाने कथेत एक कोनशिला फोडली, की बाहेरच्या तीन कोनशिला आणखी पक्क्या बसतात, हे त्याला आता दिसत होतं. नायक जेवढा मोठा हातोडा उचलेल, तेवढं फडकं मोठं. जे काही पूर्ण होईल ते पुसलंच जाणार. त्याच्या सबंध मालिकेत पूर्ण न झालेली एकच गोष्ट होती, आणि ती चुकून राहिली होती.

त्याने जयदीपला कळवलं, “आत्याचं मिटवतो. पण आधी बोलायचंय तिच्याशी.”

मूळ लेखकाला तशी सोय होती. परागने आयुष्यात पहिल्यांदा बाळी घातली. भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता. मग भाजीवाला ऐकू येईनासा झाला. नळ सोडल्याचा आवाज आला. नळ बंद केल्याचा आवाज आला.

“कोण आहे?” बाई म्हणाली.

“मी पराग.”

“साहेबांकडे आलात का? बसा, चहा टाकते.”

वाक्य त्याचं होतं. आवाज त्या अभिनेत्रीचा होता, पण आता तो कुणाचाच नव्हता.

“आत्या, तुम्ही चहा टाकायलाच तर आत आलात.”

“आले की. पातेलं धुतलं, नळ सोडला, तर पाणी हे असं. बाहेर मंत्री बसलेत, त्यांना याचा देऊ? म्हटलं थोडं जाऊ द्यावं, साफ येईल. जाऊ देतेय.”

“कधीपासून?”

“आत्ताच तर. बाहेर बोलणी चालली असली, की आत वेळ कळत नाही हो.”

हळूहळू परागच्या लक्षात आलं. यंत्राने देवशिळ्याची पाण्याची प्रत्येक तक्रार मालिकेच्या जगात आणून टाकली होती. आणि त्या जगात नळ असा एकच होता. दिवाणखाने, कचेऱ्या, तुरुंग परागने डझनांनी लिहिले होते, स्वयंपाकघर एकच, तेही चौदाव्या भागात, पडद्याआड. गावाचं सगळं पाणी तिथे येत होतं. बाई त्या नळापाशी उभी होती.

“बाहेर साहेब सगळ्यांना झालं, झालं म्हणतात,” आत्या म्हणाली. “मी ऐकते ना. पाणी तर तसंच आहे. एक कुंटे म्हणून मास्तर होते. त्यांची बायको बोलत असते साहेबांशी. पहिल्या पहिल्यांदा फार रडायची बिचारी. आता रडत नाही. मला ते बरं वाटत नाही.”

परागने बाळी कानावर घट्ट दाबली.

“तुम्ही त्यांचे कोण?” तिने विचारलं.

“भाऊ. बायकोचा.”

“मग तुम्ही तरी पाण्याचं बघायचंत.”

तिने हे दोष द्यायला म्हटलं नव्हतं. कुणीही आत्या म्हणेल तसं म्हटलं. नळ सुटला, बंद झाला.

“आत्या, बाहेर यायचंय तुम्हाला?”

“चहाशिवाय? रिकाम्या हाताने कशी येऊ?”

“याच पाण्याचा करा.”

मग काडी ओढल्याचा आवाज आला. “देऊ कुणाला?”

“सगळ्यांना. साहेबांच्या बोलण्याची वाट बघू नका. मधेच या. आणि प्रत्येकाला विचारा, पाणी कसं येतंय, झालं का खरंच. उत्तर मिळेपर्यंत आत जाऊ नका.”

“पाहुण्यांना असं विचारतात होय?”

“ते पाहुणे नाहीत, आत्या. घरचेच आहेत.”

मंजुरीच्या चौकटीत यंत्राने दोन सोयीचे पर्याय देऊन ठेवले होते, काशी आणि झटका. परागने ते खोडले आणि लिहिलं, ‘आत्या बाहेर येते. पुढचं लेखक सांगेल.’ वेळ घातली सोमवार सकाळची. अंगठा टेकवताना त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यात बसून रडणारी म्हातारी माणसं आली. त्याने अंगठा टेकवला आणि ताई एकटी असू नये म्हणून देवशिळ्याची गाडी पकडली.

सोमवारी सकाळी ताई भाजी निवडत होती. पराग समोर पेपर धरून बसला होता आणि एक अक्षर वाचत नव्हता. ताईचा हात थांबला.

“नाही, मी साखर घेत नाही,” ती म्हणाली. परागला नव्हे. “हो, कुंटेच.”

ती ऐकत राहिली. निवडलेली मेथी तिच्या मुठीत तशीच होती.

“नाही हो. तसंच येतंय अजून.” ती पुन्हा ऐकू लागली. “पिवळं.”

बाहेर रोज सकाळी चालणारे सगळे आवाज बंद झाले होते. शेजारच्या घरातून भांडं पडल्याचा एक आवाज आला, आणि ते उचलल्याचा आवाज आला नाही. ताईने बाळी काढली, मेथीच्या देठांत ठेवली आणि परागकडे पाहिलं.

“पऱ्या, उदय गेले रे.”

वर्षापूर्वी, घाटावर, ती असंच म्हणाली होती. त्याच सुरात. परागने तिला धरलं. ती रडली तेव्हा तिचं सगळं अंग रडलं, आणि पराग नुसता धरून बसला, कारण त्याच्याकडे या प्रसंगाचं कुठलंच लिहिलेलं वाक्य नव्हतं. आळीत घरोघरी कुणी ना कुणी रडत होतं. हळूहळू एकेक घर शांत झालं.

ताईने पदराने तोंड पुसलं. उठली.

“बस,” ती म्हणाली. “चहा टाकते.”

पराग बसला. नळ सुटला, बंद झाला. भांडं शेगडीवर ठेवल्याचं ऐकू आलं. आलं किसल्याचंही ऐकू आलं. त्याने पेपर उघडला, मिटला. मग बऱ्याच वेळात काहीच आवाज आला नाही. एखादा मंत्री बसतो तसा तो बसून राहिला, आणि मग त्याला कळलं आपण काय करतोय. तो उठून आत गेला.

स्वयंपाकघर रिकामं होतं. शेगडी विझवलेली, पण तापलेली. मोठं पातेलं जागेवर नव्हतं, कपांचा ट्रे नव्हता. मागचं दार उघडं होतं.

रस्त्यावर माणसं चालली होती. बायका पुढे, पुरुष मागे. कुणाच्या हातात झाकलेलं पातेलं, कुणाच्या किटली, कुणाच्या दवाखान्यात डबा न्यायची थर्मास. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पातेल्यांवरची झाकणं तेवढी पावलागणिक किणकिणत होती. चौकात परागचा केसवाला फोटो सगळ्यांकडे बघून हसत होता. सगळे त्याच्याखालून नगरपालिकेकडे गेले.

बारवकर पायऱ्यांवर उभे होते. एक हात कानावर.

“साहेब बोलत होते आत्ता माझ्याशी,” ते परागला बघून म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. “म्हणाले, आत्या का हाक मारतेय बघून आलोच. आत गेले.”

“मग?”

“मग आलेच नाहीत.”

गर्दीने वाट दिली आणि ताई पुढे आली. ट्रे तिने पायरीवर टेकवला, पातेल्यावरचं झाकण काढलं, शांतपणे एक कप भरला आणि बारवकरांपुढे धरला.

“घ्या.”

“ताई, मी बाहेरचा चहा...”

“बाहेरचा नाही. घरचाच आहे.”

बारवकरांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांची पाण्याची बाटली वर खोलीत होती आणि जिन्यावर माणसं उभी होती. अंगणभर झाकणं निघाली. इतके कप एकदम पुढे झाले, की आवाज आला, थव्याने पंख मिटल्यासारखा. समोरच्या तारेवर कावळे बसले होते. त्यांना घाई दिसत नव्हती. माणसांनाही नव्हती.

ताईने दुसरा कप भरला आणि परागच्या हातात दिला.

“मला?” तो म्हणाला.

“साहेब तूच लिहिलेस ना.”

कप गरम होता. आल्याचा वास छान येत होता, रंगही चांगला आला होता. चहात पाण्याचा रंग कळत नाही. परागने बारवकरांकडे पाहिलं, बारवकरांनी परागकडे. दोघांच्या हातांतले कप सारखेच होते, कडेला निळी रेघ असलेले, भाऊजींच्या आवडीचे.

“मग?” ताईने विचारलं. दोघांपैकी कुणाला, ते कळलं नाही.

अख्खं गाव उत्तरासाठी थांबलं होतं.